टाइमवॉरियरच्या नोंदी पुन्हा पुन्हा गायब होतात तेव्हा

टाइमवॉरियर हे टर्मिनलमधून कामाच्या वेळेची नोंद ठेवायचं साधन. त्याबद्दलची तक्रार अशी आहे. सकाळी टर्मिनलमध्ये टायमर सुरू केला, दिवसभर काम केलं, संध्याकाळी सारांश मागितला तर निम्म्याच नोंदी दिसतात. उरलेल्या आठवून हाताने भरायच्या. मग आठवडाभर सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस पुन्हा तेच. कधी नेमकं उलटं होतं: रात्री टायमर आपोआप बंद व्हावा अशी सोय करून ठेवलेली असते, तरी सकाळी बघावं तर तो चालूच, आणि चौदा तासांची एक अगडबंब नोंद समोर.

माझ्याकडे हे तीन महिन्यांत चार वेळा झालं. पहिल्या तीन वेळी मी फक्त नोंदी दुरुस्त केल्या. आपणच टायमर सुरू करायला विसरलो असू, अशी मनाची समजूत घातली. चौथ्या वेळी मात्र मला पक्कं आठवत होतं की एडिटरमधून मी टायमर सुरू केला होता आणि खाली 'नोंद सुरू झाली' असा निरोपही आला होता. मग दुरुस्ती बाजूला ठेवून शोध घेतला. नोंदी गायब झालेल्याच नव्हत्या. एकूण एक नोंद शाबूत होती, पण दुसऱ्या घरी. एकाच यंत्रावर, एकाच खात्यात टाइमवॉरियरचे दोन डेटाबेस होते. टर्मिनल एकात लिहीत होतं, बाकी सगळे दुसऱ्यात.

म्हणून कुणी 'नोंदी हरवतात' म्हणालं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: त्या लिहिल्या कुठे जातायत? त्याचं उत्तर मिळेपर्यंत एकही नोंद हाताने भरू नका. भरलीत तर नंतर दोन्हीकडच्या नोंदी एकत्र करताना तीच वेळ दोनदा येते आणि गुंता वाढतो.

एक सूचना: खालच्या कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. टाइमवॉरियरची कमांड आखूड आहे: 'टाइम' या शब्दाला जोडून 'डब्ल्यू' हे एक अक्षर, सगळं लहान लिपीत.

आधी पत्ता विचारा

टाइमवॉरियर स्वतःचा पत्ता स्वतः सांगतं:

टाइमडब्ल्यू डायग्नोस्टिक्स

यात आवृत्ती, यंत्राची माहिती, बांधणीचा तपशील असं बरंच काही येतं. आपल्याला त्यातल्या तीनच ओळी हव्यात. टाइमवॉरियरडीबी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणारी नावानिशी सेटिंग) किंमत काय आहे, कॉन्फिग फाइल कुठली वाचली, आणि डेटाबेस कुठल्या फोल्डरमध्ये आहे. व्हेरिएबल ठरवलेलं नसेल तर त्या जागी नुसती आडवी रेघ दिसते.

ही कमांड फक्त रोजच्या टर्मिनलमध्ये चालवून भागत नाही. जिथून जिथून तुम्ही टायमर सुरू किंवा बंद करता तिथून तिथून ती चालवा. एडिटरच्या आतल्या टर्मिनलमधून, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय), गिटच्या हुकमधून (एखादी घटना घडली की आपोआप चालणारी स्क्रिप्ट), टास्कवॉरियर या कामांच्या यादीच्या साधनाच्या हुकमधून, दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने लॉगिन करून. क्रॉनसाठी सोपं म्हणजे दोन मिनिटांनंतरची एक तात्पुरती ओळ टाकायची आणि तिचं आउटपुट होम फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत घ्यायचं. मग सगळी उत्तरं शेजारी शेजारी ठेवून डेटाबेसची ओळ ताडून पाहायची. एकही पत्ता वेगळा निघाला, तर तुमचा आजार तोच आहे जो माझा होता.

डायग्नोस्टिक्स चालवायच्या आधीसुद्धा एक खूण ओळखता येते. टाइमवॉरियरची सेटिंग्ज डेटाबेसच्या पत्त्याबरोबर बदलतात. त्यामुळे तुम्ही नीट बसवलेला अहवाल अचानक कोऱ्या करकरीत मूळ रूपात दिसू लागला, ठरवलेल्या सुट्टीच्या वेळा लागू होईनाशा झाल्या, तर सेटिंग्ज 'उडाल्या' असं समजू नका. तुम्ही दुसऱ्या घरात उभे आहात.

पत्ता ठरतो कसा

क्रम सरळ आहे. टाइमवॉरियरडीबी व्हेरिएबल असेल तर तोच पत्ता, दुसरा विचार नाही. ते नसेल तर होम फोल्डरमध्ये डॉट टाइमवॉरियर नावाचा लपलेला फोल्डर आहे का ते पाहिलं जातं. असेल तर कॉन्फिग आणि डेटा दोन्ही तिथेच. २०१६ साली हे साधन आलं तेव्हापासूनची ही जुनी जागा. तोही फोल्डर नसेल तर लिनक्सवरच्या नव्या आवृत्त्या एक्सडीजीची (कोणती फाइल कुठे ठेवायची याचा ठरलेला संकेत) रीत पाळतात: कॉन्फिग डॉट कॉन्फिग फोल्डरात, डेटा डॉट लोकलच्या आतल्या शेअर फोल्डरात, दोन्हीकडे टाइमवॉरियर नावाचा उपफोल्डर.

म्हणजे तीन शक्य पत्ते झाले, आणि कुठला वापरायचा हे दर वेळी कमांड चालताना नव्याने ठरतं. आधीच्या वेळी काय ठरलं होतं याची आठवण कुठेही ठेवलेली नसते. आजार उलटतो तो यामुळे. ज्या वातावरणात व्हेरिएबल पोचतं तिथे एक उत्तर, जिथे पोचत नाही तिथे दुसरं.

माझ्याकडे दुसरं घर कसं उभं राहिलं

हे सविस्तर सांगते, कारण यातली प्रत्येक पायरी त्या त्या वेळी शहाणपणाचीच वाटली होती.

मला डेटा माझ्या कागदपत्रांच्या फोल्डरात हवा होता, म्हणजे बॅकअपमध्ये तो आपोआप येईल. म्हणून .बॅशआरसी फाइलीत (बॅश हे शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, सुरू होताना ती वाचतं) टाइमवॉरियरडीबीची एक एक्स्पोर्ट ओळ टाकली आणि फोल्डर तिकडे हलवला. टर्मिनलमध्ये सगळं झकास चाललं.

काही दिवसांनी क्रॉनमध्ये एक ओळ घातली: रोज रात्री अकराला टाइमडब्ल्यू स्टॉप. ती चालेना. आउटपुट फाइलीत घेऊन पाहिलं तर टाइमवॉरियर विचारत होतं की नवा डेटाबेस तयार करायचा का, हो की नाही. क्रॉनमध्ये उत्तर द्यायला कुणीच नसतं. मी काय केलं, तर कमांडला कोलनसह 'येस' ही खूण जोडली, म्हणजे सगळ्या प्रश्नांना होकार. आणि रोज रात्री निरोप नको म्हणून आउटपुट डेव्ह-नलकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या जागेकडे, वळवलं.

चूक इथे झाली. तो प्रश्न म्हणजे साधन मला सांगत होतं की 'या पत्त्यावर मला काहीच सापडत नाही'. मी त्याला 'मग बांध नवं' असं उत्तर देऊन टाकलं. क्रॉन .बॅशआरसी वाचत नाही, त्यामुळे त्याच्यापर्यंत व्हेरिएबल पोचलेलंच नव्हतं. त्या रात्री अकराला एक रिकामा डेटाबेस जन्माला आला, आणि त्यात चालू असलेली नोंद नसल्यामुळे बंद करण्यासारखंही काही नव्हतं. माझा खरा टायमर सकाळपर्यंत चालत राहिला.

पुढचा टप्पा जास्त फसवा होता. एडिटर मी डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून उघडते. अशा प्रोग्रामलाही .बॅशआरसीतलं व्हेरिएबल मिळत नाही. क्रॉनने नवं घर बांधायच्या आधी एडिटरमधून टायमर सुरू केला असता, तर तोच प्रश्न आला असता आणि मी सावध झाले असते. पण आता त्या पत्त्यावर डेटाबेस तयारच होता. त्यामुळे एडिटर विनातक्रार तिथे लिहू लागला. टर्मिनलमधून सुरू केलेलं काम एका घरी, एडिटरमधून सुरू केलेलं दुसऱ्या. रात्रीचा क्रॉन फक्त दुसऱ्या घरातले टायमर बंद करायचा.

मधले आठवडे सुरळीत का गेले तेही यातूनच कळलं. ज्या आठवड्यात मी सगळं टर्मिनलमधूनच केलं आणि संध्याकाळी हाताने बंद केलं, त्या आठवड्यात दुसऱ्या घराशी संबंधच आला नाही. आजार बरा झाला नव्हता. मी तेवढ्यापुरती त्या वाटेने गेले नव्हते.

कोणतं शेल कोणती फाइल वाचतं

हा भाग रटाळ वाटेल, पण निम्म्याहून अधिक गोंधळ इथलाच असतो.

बॅश .बॅशआरसी वाचतं ते फक्त संवादी, लॉगिन नसलेल्या शेलमध्ये, म्हणजे सहसा डेस्कटॉपवर उघडलेल्या टर्मिनल खिडकीत. लॉगिन शेल असेल तर ते .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि पहिली सापडेल तेवढीच वाचतं. बऱ्याच लिनक्स वितरणांत मूळ .बॅशआरसीच्या अगदी सुरुवातीला एक तपासणी असते: शेल संवादी नसेल तर इथूनच परत फिर. त्यामुळे स्क्रिप्टमधून ती फाइल मुद्दाम सोर्स केली, म्हणजे आत ओढून चालवली, तरी खाली लिहिलेली एक्स्पोर्ट ओळ चालतच नाही. डोळ्यांसमोर ओळ दिसत असते आणि परिणाम शून्य, असा तो प्रकार.

झेडशेलमध्ये .झेडशआरसी फक्त संवादी शेलसाठी, .झेडशेन्व्ह मात्र दर वेळी वाचली जाते. मॅकवाल्यांसाठी एक जास्तीची गोम आहे: २०१९च्या कॅटलिनापासून मॅकओएसवर नव्या खात्याचं मूळ शेल झेडशेल झालं. जुन्या यंत्रावरून .बॅशआरसी जशीच्या तशी उचलून आणली असेल तर ती तिथे पडून आहे, वाचत कुणीच नाही.

क्रॉन यातलं काहीही वाचत नाही. त्याच्याकडे होम, लॉगनेम, शेल आणि एक तुटपुंजा पाथ एवढंच असतं. तो पाथ बहुतेक ठिकाणी फक्त यूएसआर-बिन आणि बिन इतकाच असल्यामुळे, टाइमवॉरियर यूएसआर-लोकलखाली बसवलेलं असेल तर क्रॉनला ते सापडतच नाही. क्रॉनटॅबमध्ये वर व्हेरिएबलची ओळ लिहिता येते, पण तिथे डॉलर-होम लिहिलंत तर ते उलगडलं जात नाही, जसंच्या तसं राहतं. संपूर्ण पत्ताच द्यावा लागतो.

पत्त्याबद्दल आणखी दोन गोष्टी. होम फोल्डरसाठीची टिल्डची नागमोडी खूण अवतरणचिन्हांत टाकली तर शेल ती उलगडत नाही. आणि व्हेरिएबलमध्ये तिरक्या रेघेपासून सुरू न होणारा, म्हणजे सापेक्ष पत्ता दिला, तर तो तुम्ही उभ्या असलेल्या फोल्डरपासून मोजला जातो. दर प्रकल्पाच्या फोल्डरात एकेक नवा डेटाबेस, असंही मग घडू शकतं.

मी शेवटी काय केलं

व्हेरिएबल सगळीकडे पोचवायचे मार्ग आहेत. क्रॉनटॅबमध्ये वेगळी ओळ, डेस्कटॉपच्या सत्रासाठी डॉट कॉन्फिगमधल्या एन्व्हायर्नमेंट.डी फोल्डरात एक फाइल, शेलसाठी योग्य ती आरसी फाइल. हे सगळं मी एकदा केलंसुद्धा. पण एकच पत्ता तीन ठिकाणी लिहायचा म्हणजे त्यातलं एखादं ठिकाण कधी ना कधी मागे राहणारच. नवं यंत्र घेतलं, शेल बदललं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून माझं ठाम मत: व्हेरिएबल काढूनच टाका. डेटा होम फोल्डरातल्या डॉट टाइमवॉरियर या जुन्या जागी ठेवा. ती जागा जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्या ओळखतात, आणि होम फोल्डर कुठला हे क्रॉनलाही माहीत असतं. डेटा प्रत्यक्षात दुसरीकडे हवा असेल, जसा मला बॅकअपसाठी हवा होता, तर डॉट टाइमवॉरियर या नावाची एक सिम्बॉलिक लिंक करून ती खऱ्या फोल्डरकडे वळवा. एलएन-एस कमांडला आधी खरा पत्ता, मग लिंकचं नाव. पत्ता एकदाच, एकाच ठिकाणी लिहिलेला राहतो.

त्यासोबत क्रॉनच्या ओळीतून कोलन-येस काढलं. आता डेटाबेस सापडला नाही तर नवा तयार होत नाही, काम अडतं. अडायलाच हवं. आउटपुट डेव्ह-नलऐवजी एका लॉग फाइलीत जातं. आणि कमांड संपूर्ण पत्त्याने लिहिली, म्हणजे पाथचा प्रश्न उरला नाही.

आरसी फाइलीत चार ओळींची एक छोटी तपासणीही घातली आहे: डॉट लोकल-शेअरमध्ये टाइमवॉरियर फोल्डर दिसला, किंवा टाइमवॉरियरडीबी व्हेरिएबल कुठून तरी पुन्हा उगवलं, तर नवं टर्मिनल उघडताच लाल अक्षरांत इशारा. दोन्ही अटी खोट्या असतील तर ती गप्प राहते.

मात्र सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य खात्याच्या अधिकाराने, टाइमवॉरियर चालवायची सवय असेल तर ती मोडा. तिथे होम फोल्डर रूटचा धरला जाऊ शकतो, आणि तिसरं घर उभं राहतं.

दोन घरांतल्या नोंदी एकत्र करताना

घाई करू नका. आधी दोन्हीकडचे टायमर बंद करा. मग दोन्ही फोल्डर जसेच्या तसे तिसऱ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा.

दुसऱ्या घरात काय आहे ते पाहायला व्हेरिएबल त्या एका कमांडपुरतं काढता येतं. एन्व्ह कमांडला वजा-यू देऊन टाइमवॉरियरडीबीचं नाव, आणि त्यापुढे:

टाइमडब्ल्यू समरी :ऑल

यात सुरुवातीपासूनच्या सगळ्या नोंदी येतात. नुसतं समरी म्हटलं तर फक्त आजचा दिवस दिसतो, आणि 'इथे तर काहीच नाही' असा गैरसमज होतो. माझाही झाला होता.

नोंदी दहा-बाराच असतील तर फाइलींना हात लावू नका. योग्य डेटाबेसमध्ये उभं राहून ट्रॅक कमांडने एकेक भरा: सुरुवात, आडवी रेघ, शेवट, टॅग. यात फायदा असा की एखादी वेळ आधीच्या नोंदीवर चढत असेल तर टाइमवॉरियर लगेच अडवतं. ते कोलन-ॲडजस्ट वापरायचं सुचवेल. ही खूण जुन्या नोंदी कापून नव्या नोंदीला जागा करून देते, म्हणून दोन्ही वेळा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती वापरू नये.

माझ्याकडे शंभरावर नोंदी होत्या, म्हणून फाइलीच जोडल्या. डेटा फोल्डरात दर महिन्याची एक साधी मजकूर फाइल असते, नावात वर्ष आणि महिना. तिच्यातली एक ओळ म्हणजे एक नोंद. ओळ 'इन्क' या तीन अक्षरी शब्दाने सुरू होते. मग सुरुवातीची तारीख-वेळ सलग आकड्यांत: वर्षाचे चार, महिन्याचे दोन, दिवसाचे दोन, मध्ये टी हे अक्षर, मग तास, मिनिटं, सेकंद, शेवटी झेड. मग आडवी रेघ आणि शेवटची वेळ त्याच पद्धतीने. त्यानंतर हॅशची खूण आणि टॅग. चालू असलेल्या नोंदीला शेवटची वेळच नसते, रेघही नसते.

या रचनेचा एक मोठा फायदा होतो. सगळ्या ओळींची सुरुवात सारखी आणि तारीख मोठ्या एककापासून लहानाकडे असल्यामुळे नुसत्या सॉर्ट कमांडने त्या काळाच्या क्रमाने लागतात. एकाच महिन्याच्या दोन फाइली एकत्र करून सॉर्टला वजा-यू दिलं की क्रमही लागतो आणि हुबेहूब सारख्या ओळीही गळतात. त्यानंतर फाइल उघडून पाहा की शेवटची वेळ नसलेली ओळ मध्येच कुठे राहिली नाही ना. तशी ओळ सगळ्या डेटाबेसमध्ये फार तर एक, आणि तीही सर्वांत शेवटी असायला हवी.

मग दोन फाइलींची व्यवस्था. टॅग्जच्या डेटा फाइलीत कुठला टॅग किती वेळा वापरला याची मोजदाद असते. बाहेरून ओळी घातल्या की ती मोजदाद चुकते, आणि पुढे कधीतरी नोंद पुसताना किंवा बदलताना 'हा टॅग अस्तित्वातच नाही' अशी त्रुटी येते. ती फाइल नाव बदलून बाजूला ठेवली की टाइमवॉरियर पुढच्या वेळी सगळ्या नोंदी वाचून ती नव्याने तयार करतं. अनडूची फाइलही तशीच बाजूला ठेवा, कारण तिच्यातला इतिहास आता प्रत्यक्ष फाइलींशी जुळत नाही.

शेवटी समरीला कोलन-आयडीज ही खूण जोडून महिना महिना नजरेखालून घाला. हाताने जोडलेल्या फाइलींत एकमेकींवर चढलेल्या वेळा राहू शकतात. त्या शॉर्टन, मॉडिफाय किंवा डिलीटने निस्तरायच्या. मला अशा सात सापडल्या, आणि सातही मी पूर्वी 'आठवून' भरलेल्या होत्या. आठवणीतली वेळ खऱ्या वेळेपेक्षा दर वेळी वीस ते चाळीस मिनिटांनी सरकलेली निघाली. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, पत्ता कळेपर्यंत हाताने काही भरू नका.

पत्ता एकच, तरी वेळ कमी भरते

सगळीकडून डेटाबेस एकच दिसतो आणि तरी बेरीज कमी येते, अशीही तक्रार असते. तेव्हा एक्सक्लूजन पाहा.

कॉन्फिग फाइलीत 'डिफाइन एक्सक्लूजन्स' या ओळीखाली, थोडी जागा सोडून, वारानुसार कामाबाहेरच्या वेळा लिहिता येतात. सोमवारसाठी नऊच्या आधी, एक ते दोन, आणि सहानंतर असं लिहिलं असेल, तर दहा ते चार अशी एक नोंद टायमर बंद करताना दोन तुकड्यांत जाते: दहा ते एक आणि दोन ते चार. पाच ते सात ट्रॅक केलं तर पाच ते सहा एवढंच उरतं. तुम्हाला वाटतं तास गेला. तो तुमच्याच नियमाने वजा झालेला असतो.

इथे अडचणीची गोष्ट ही, की कापाकापी नोंद लिहिताना होते, अहवाल दाखवताना नाही. त्यामुळे नियम कॉन्फिगमधून काढून टाकला तरी आधी कापलेली वेळ परत येत नाही. त्या नोंदी लेंग्थन कमांडने लांबवाव्या लागतात किंवा नव्याने ट्रॅक कराव्या लागतात, आणि तेही नियम काढल्यानंतरच, नाहीतर नवी नोंदही त्याच जागी कापली जाईल. ज्यांचे कामाचे तास ठरलेले नाहीत त्यांनी एक्सक्लूजनच्या नादी लागू नये असं मला वाटतं. जेवणाच्या सुट्टीपुरतं ते सोयीचं आहे. संध्याकाळची सीमा म्हणून घातलं की एखाद्या दिवशी उशिरापर्यंत केलेलं काम चुपचाप पुसलं जातं.

वेळा काही तासांनी सरकलेल्या दिसतात

वरच्या फाइलीतल्या ओळीत शेवटी जे झेड होतं, त्याचा अर्थ ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे. टाइमवॉरियर नेहमी यूटीसीतच साठवतं आणि दाखवताना यंत्राच्या स्थानिक वेळेत बदलतं. म्हणून फाइलीतली आणि पडद्यावरची वेळ वेगळी दिसली तर तो दोष नाही. फाइलीत हाताने वेळ बदलताना हे विसरलं तर मात्र घोळ होतो.

खरा दोष वेगळा आहे. कंटेनरमध्ये किंवा दूरच्या सर्व्हरवर टाइमझोन बहुधा यूटीसीच असतो. तिथे 'नऊ वाजता सुरू' लिहिलं की ते यूटीसीचे नऊ धरले जातात. तोच डेटाबेस आपल्या यंत्रावर उघडला की नोंद सरकलेली दिसते. तपासायला दोन्हीकडे नुसती डेट कमांड चालवा. टाइमझोनचं नाव वेगळं आलं की कारण सापडलं. त्या वातावरणात टीझेड व्हेरिएबल ठरवा.

सरकलेल्या नोंदी मूव्ह कमांडने जागेवर आणता येतात. ती नोंदीची लांबी तशीच ठेवून फक्त सुरुवात बदलते. नोंदीचा क्रमांक मात्र कायमचा नसतो. सर्वांत ताजी नोंद एक नंबरची, तिच्या आधीची दोन, असं ते मोजतं, आणि एखादी नोंद हलवली की बाकीच्यांचे क्रमांक बदलू शकतात. म्हणून एक नोंद हलवायची, पुन्हा समरी कोलन-आयडीजने क्रमांक पाहायचे, मगच पुढची. मी एकदा पाच नोंदींचे क्रमांक कागदावर लिहून एका दमात हलवायला गेले आणि तिसरीला चुकीची नोंद सरकली. टाइमडब्ल्यू अनडू एकेक पाऊल मागे नेतं, त्याने ते निस्तरलं.

टास्कवॉरियर वापरणाऱ्यांना एक जास्तीची तपासणी करावी लागते. काम सुरू केलं की टायमर आपोआप सुरू करणारा हुक ही एक पायथन स्क्रिप्ट आहे आणि तिला चालवण्याची परवानगी लागते. कॉन्फिग फाइली दुसऱ्या यंत्रावर कॉपी करताना ती परवानगी गळाली तर काम सुरू होतं पण टायमर होत नाही. टास्क डायग्नोस्टिक्समध्ये हुकची यादी दिसते, तिथे तो सक्रिय आहे का ते पाहा, आणि नसेल तर सीएचमॉडने परवानगी द्या. हुकला वातावरण मिळतं ते ज्या शेलमधून टास्क चालवलं त्याचं, म्हणजे व्हेरिएबल अजून ठेवलं असेल तर पत्त्याचा प्रश्न इथेही तसाच लागू आहे.

जोडणी झाल्यावर दुसऱ्या घराचा फोल्डर लगेच पुसू नका. नाव बदलून ठेवा आणि महिनाभर थांबा. त्या काळात मूळ नावाचा फोल्डर पुन्हा उगवला, तर कुठला तरी प्रोग्राम अजून जुन्याच पत्त्यावर लिहितोय. त्यातल्या पहिल्या नोंदीची वेळ आणि टॅग पाहिले की तो कोणता ते बहुतेक लगेच कळतं. माझ्याकडे तो एका जुन्या प्रकल्पातला गिटचा हुक निघाला. त्यात व्हेरिएबलची ओळ थेट लिहिलेली होती, आणि तिथेही कोलन-येस होतं.